भाषणाची तयारी आणि सभाधीटपणा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाषणं बसवून घेण्याचं काम मी बरीच वर्षं करते आहे. माझ्याकडे येणाऱ्यांत पहिल्यांदाच माइकसमोर उभे राहणारे असतात, कामाच्या ठिकाणी अहवाल मांडणारे असतात, सहकाऱ्याच्या निरोपाला चार शब्द बोलायचे म्हणून रात्रभर जागणारेही असतात. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर सरावाबद्दलचं उत्तर आधी वाचा. बाकीची उत्तरं त्याच्याच आधारावर उभी आहेत.

बोलायला उभं राहायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. भाषण हा माझा प्रांत नाही असं समजायचं का?

अजिबात नाही. अनेक डोळे एकाच वेळी आपल्याकडे लागले की शरीर त्याला धोका समजतं आणि अ‍ॅड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात सोडतं. काळीज धडधडू लागतं. रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं म्हणून तळहात गार पडतात, लाळ कमी होते म्हणून तोंडाला कोरड पडते, गुडघे लटपटतात. तुमची बुद्धी किंवा विषयाची जाण किती आहे, याचा यातल्या कशाशीही संबंध नसतो.

११ सप्टेंबर १८९३ रोजी स्वामी विवेकानंद शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत बोलले. त्या दिवसाबद्दल त्यांनी नंतर एका पत्रात मोकळेपणाने लिहिलं आहे: छाती धडधडत होती, जीभ जवळजवळ कोरडी पडली होती आणि सकाळच्या सत्रात उभं राहायचं धाडसच झालं नाही. ते दुपारी बोलले. तरुण वकील असताना गांधीजी मुंबईच्या कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले, तेव्हा त्यांना एकही प्रश्न सुचला नाही. ते खाली बसले आणि फी परत घेऊन दुसरा वकील बघा, असं त्यांनी सांगितलं. याच बुजरेपणाने आपल्याला शब्द जपून वापरायला शिकवलं, अशी नोंदही त्यांनी आत्मकथेत केली आहे.

एक गोष्ट मी पहिल्याच दिवशी सांगते, कारण ती कळली की निम्मं ओझं उतरतं. बहुतेकांची धडधड उभं राहण्याच्या क्षणाच्या आसपास सर्वांत जास्त असते आणि बोलायला लागल्यावर पहिल्या एक-दोन मिनिटांत ती उतरू लागते. म्हणजे तुम्हाला निभवायची असतात ती ही दोन मिनिटं. त्यांची तयारी वेगळी करता येते. ती पुढे सांगितली आहे.

माझी भीती समोरच्यांना दिसते का?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा खूपच कमी. आपल्या कानात आपल्या काळजाचे ठोके घुमत असतात, म्हणून ते साऱ्या सभागृहाला ऐकू जात असतील असं वाटतं. केनेथ सवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ साली याच गोष्टीवर प्रयोग प्रसिद्ध केले. वक्त्यांना आपण जितके घाबरलेले दिसलो असं वाटत होतं, तितके ते ऐकणाऱ्यांना घाबरलेले वाटले नव्हते. त्याहून महत्त्वाचं पुढे आहे. ज्यांना ही गोष्ट भाषणाआधी समजावून सांगितली, त्यांची भाषणं इतरांपेक्षा चांगली झाली, असं त्यांना स्वतःलाही वाटलं आणि ऐकणाऱ्यांनाही.

म्हणून सुरुवातीलाच ‘मी जरा घाबरलोय, सांभाळून घ्या’ असं म्हणू नका. तोवर कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं. एकदा सांगितलंत की लोक तुमचं बोलणं सोडून तुमचे हात बघत बसतात.

भाषणाच्या आधीच्या दहा मिनिटांत मन शांत कसं करायचं?

पूर्ण शांत व्हायचा अट्टहास सोडा. अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमध्ये, भाषणाआधी ‘मी शांत आहे’ असं स्वतःला बजावणाऱ्यांपेक्षा ‘मी उत्साहात आहे’ असं म्हणणाऱ्यांची भाषणं ऐकणाऱ्यांना जास्त पटली. मला हे पटतं. धडधडणाऱ्या छातीला ‘शांत हो’ म्हटलं तर ती ऐकत नाही, पण त्याच धडधडीला उत्सुकतेचं नाव देता येतं, कारण दोन्हींत शरीर सारखंच जागं असतं.

श्वासाचा मात्र नक्की उपयोग होतो. नाकाने चार मोजत श्वास घ्या आणि सहा किंवा आठ मोजत सोडा. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, म्हणून सोडणं लांबवायचं. पाच-सहा वेळा पुरे. एक घोट पाणी प्या, खांदे सैल सोडा आणि पहिलं वाक्य मनात नव्हे, ओठांनी एकदा म्हणून बघा. शेवटच्या क्षणी कागदात नवे मुद्दे घुसडणं हा सर्वांत वाईट उद्योग. त्याने आधी बसलेलंही विस्कटतं.

तयारी कुठून सुरू करू? विषय मिळाला की मी थेट लिहायला बसतो आणि दोन परिच्छेदांनंतर अडकतो.

लिहायला बसण्याआधी दोन गोष्टी ठरवा. ऐकणारे कोण आहेत, आणि उठून जाताना त्यांच्या डोक्यात कोणतं एक वाक्य राहायला हवं. हे वाक्य पूर्ण वाक्यच हवं. ‘वाचनाचं महत्त्व’ हा विषय झाला, वाक्य नाही. ‘रोज दहा पानं वाचणारं मूल स्वतःचं म्हणणं नीट मांडायला शिकतं’ हे वाक्य झालं. त्यावर दाखला देता येतो, कुणाला शंका घेता येते, तिला उत्तर देता येतं.

हे वाक्य मिळायला कधीकधी तयारीचा निम्मा वेळ जातो. जाऊ द्या. जे लोक अडकतात ते बहुधा शब्दांसाठी अडकत नाहीत, काय सांगायचं हेच ठरलेलं नसतं म्हणून अडकतात. वाक्य सापडत नसेल तर मी एक साधी गोष्ट करायला सांगते: घरातल्या कुणाला तरी, किंवा फोनवर मित्राला, ‘मला उद्या काय सांगायचंय माहितेय का?’ असं म्हणून दोन मिनिटं सांगायला लागा. तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात ते वाक्य तुमच्या तोंडून आपोआप निघतं. निघालं की लगेच टिपून ठेवा.

सांगण्यासारखं खूप आहे आणि वेळ थोडा. काय गाळू?

त्या एका वाक्याला जे हातभार लावत नाही ते सगळं, मग ते कितीही आवडतं असो. काटछाट जीवावर येते हे मला माहीत आहे. आठवडाभर खपून मिळवलेली माहिती टाकून द्यायची म्हणजे कष्ट वाया गेल्यासारखे वाटतात. पण ऐकणाऱ्याला तुमचे कष्ट मोजायचे नसतात.

१९ नोव्हेंबर १८६३ रोजी अमेरिकेत गेटिसबर्गला यादवी युद्धात पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीच्या समर्पणाचा कार्यक्रम झाला. त्या दिवसाचे मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट. ते नामवंत वक्ते होते आणि सुमारे दोन तास बोलले. मागून राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन उठले आणि जेमतेम दोन-तीन मिनिटं, २७० च्या आसपास शब्द बोलून बसले. आज लोकांना लिंकनचं भाषण आठवतं. दुसऱ्या दिवशी एव्हरेटनीच लिंकनना पत्र लिहून कळवलं, की तुम्ही दोन मिनिटांत विषयाच्या गाभ्याशी जितके पोचलात तितका मी दोन तासांत पोचलो असतो तर मला आनंद झाला असता.

पाच मिनिटांच्या भाषणात एक मुद्दा आणि दोन दाखले मावतात. दहा मिनिटांत दोन, फार तर तीन मुद्दे. याहून जास्त कोंबलेत तर शेवटी ‘वेळेअभावी थोडक्यात सांगतो’ म्हणत पळावं लागतं आणि सगळ्यात मोलाचा भाग नेमका तेव्हाच हातून जातो.

दहा मिनिटांसाठी किती शब्द लिहायचे?

इंग्रजी भाषणांसाठी मिनिटाला १२० ते १५० शब्द असा अंदाज दिला जातो. तो मराठीला जसाच्या तसा लावू नका. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘घराबाहेरच्यांसाठी’ हा मोजणीत एकच शब्द, पण उच्चारायला लांबलचक. त्यामुळे मराठीत शब्द कमी भरतात. घड्याळ लावून स्वतःचं एक पान मोठ्याने वाचा, तोच तुमचा हिशेब. आणि मिळालेल्या वेळेपेक्षा एक-दोन मिनिटं कमीचीच तयारी करा; प्रत्यक्षात थांबे, हशा आणि माइकची खुडबूड यांत तेवढा वेळ जातोच.

सुरुवात कशी करावी?

मान्यवरांची नावं घ्यायची असतील तर थोडक्यात घ्या आणि लगेच विषयात शिरा. ‘आज मला इथे बोलण्याची संधी दिल्याबद्दल’ पासून सुरू होणारी चार वाक्यं लोक ऐकतच नाहीत. त्या वेळी ते खुर्चीत बूड टेकवत असतात, फोन बंद करत असतात.

घडलेल्या एखाद्या प्रसंगाने सुरुवात करणं मला सर्वांत भरवशाचं वाटतं. प्रसंग सांगताना माणूस आठवत बोलतो, घोकलेलं म्हणत नाही, म्हणून आवाज आपोआप नेहमीसारखा होतो. शिवाय ती भीतीची पहिली दोन मिनिटंही निघून जातात. प्रसंग खरा असावा आणि विषयाशी त्याचा थेट धागा असावा. खरा प्रश्न विचारूनही सुरुवात करता येते, पण विचारल्यावर दोन-तीन सेकंद थांबा, नाहीतर तो विचारला असं कुणाला वाटतच नाही. सुविचार आणि शेरोशायरी मात्र जपून. विषयात मुरलेली असेल तर ठीक, नाहीतर ती चिकटवलेली दिसते.

मधल्या भागात लोकांचं लक्ष उडतं. काय करू?

वाचणाऱ्याला मागचं पान उलटता येतं, ऐकणाऱ्याला ती सोय नसते. भाषण आणि निबंध यांत हाच मोठा फरक आहे. निबंधात पुनरुक्ती दोष असते. भाषणात मुख्य वाक्य तीनदा वेगवेगळ्या जागी यायलाच हवं. एक मुद्दा संपला की स्पष्ट सांगा: ‘हे झालं कारण. आता उपाय.’ वाक्यं लहान ठेवा. ‘ज्यामुळे’, ‘ज्यायोगे’, ‘असे असूनही’ अशा जोडण्यांनी चार ओळींची झालेली वाक्यं कागदावर भारदस्त दिसतात, पण बोलताना बोलणाऱ्याचाच दम तुटतो.

आकडा सांगायचा झाला तर एकच सांगा आणि तो डोळ्यांपुढे उभा राहील असा सांगा. ‘दिवसाला शंभर लिटर पाणी वाया जातं’ यापेक्षा ‘रोज पाच मोठ्या बादल्या पाणी गटारात ओततो’ हे लक्षात राहतं. सलग तीन आकडे आले की लोक तिन्ही विसरतात.

भाषण पाठ करावं, वाचून दाखवावं, की मुद्द्यांवरून बोलावं?

शाळेत असताना मी एका स्पर्धेसाठी संपूर्ण भाषण शब्दन् शब्द पाठ केलं होतं. तिसऱ्या परिच्छेदात एक शब्द आठवेना, आणि पुढचं सगळं त्या शब्दाला बांधलेलं होतं. मी तशीच उभी राहिले आणि मग खाली उतरले. विषय मला माहीत होता, कुणी विचारलं असतं तर अर्धा तास बोलले असते. तरी त्या एका शब्दापुढे मला जाता आलं नाही.

हे मोठमोठ्यांचंही होतं. २२ एप्रिल १९०४ रोजी ब्रिटिश संसदेत २९ वर्षांचे विन्स्टन चर्चिल टिपणाशिवाय, आठवणीतून बोलत होते. भाषणाच्या शेवटाजवळ धागा तुटला, पुढचं काही आठवेना, आणि ऐकून घेतल्याबद्दल सभागृहाचे आभार मानून ते खाली बसले. त्यानंतर महत्त्वाच्या भाषणांची सविस्तर टिपणं जवळ ठेवायची सवय त्यांनी सोडली नाही.

माझा सल्ला असा. पहिली तीन-चार वाक्यं आणि शेवटची दोन वाक्यं तोंडपाठ करा. ती शब्दशः तशीच यायला हवीत. मधल्या भागाचे फक्त मुद्दे, एका पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर, मोठ्या अक्षरात. एका मुद्द्याला तीन-चार शब्द, त्याहून जास्त नकोत. जास्त लिहिलंत की मान खाली जाते आणि वाचन सुरू होतं. कार्डं एकाहून जास्त असतील तर त्यांना क्रमांक द्या, हातून पडली तर उचलून लावता येतात. नावं, तारखा आणि दुसऱ्याचं वचन तेवढं पूर्ण लिहून ठेवा. ते बघून वाचलंत तर कुणालाही खटकत नाही, उलट तुम्ही चोख आहात असं वाटतं.

धोरणात्मक निवेदन किंवा कायदेशीर मजकूर असेल, जिथे शब्द इकडचा तिकडे होऊन चालत नाही, तिथे वाचा. पण तेही आधी मोठ्याने चार-पाचदा वाचून, कुठे थांबायचं त्याच्या तिरक्या रेघा मारून.

सराव नेमका कसा करायचा? मी भाषण दहा वेळा वाचतो, तरी उभं राहिलं की सगळं कोरं होतं.

कारण तुम्ही डोळ्यांनी सराव केलात आणि बोलायचं होतं तोंडाने. मनातल्या मनात वाचताना प्रत्येक वाक्य ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटणं म्हणजेच येणं असा समज होतो. ओळखणं वेगळं आणि कागद नसताना स्वतःहून ते वाक्य काढणं वेगळं. जीभ, ओठ आणि श्वास यांनाही त्या वाटेवरून आधी चालून यावं लागतं. सभाधीटपणाचं जे काही गुपित असेल ते मला एवढंच सापडलं आहे: भाषण उभं राहून, मोठ्या आवाजात, पूर्ण, अनेक दिवसांत विभागून बोलायचं.

पहिल्यांदा बोलाल तेव्हा फार वाईट होईल. मध्येच थांबाल, मागे जाल, शब्द सापडणार नाहीत. तरी शेवटपर्यंत न्या. सुरुवातीपासून पुन्हा पुन्हा सुरू करणाऱ्यांची सुरुवात चकचकीत होते आणि शेवट कच्चा राहतो, हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला तुमच्या लक्षात येईल की कागदावरची काही वाक्यं तोंडात बसतच नाहीत. ती बदला. ‘सदर बाब विचारात घेता’ हे लिहिताना सुचलेलं असतं. बोलताना तुम्ही ‘हे बघितलं की’ असंच म्हणता. जे तोंडातून आलं ते कागदावर घ्या. भाषण अशा रीतीने हळूहळू तुमच्या बोलीत येतं, आणि स्वतःच्या बोलीत असलेलं माणूस सहसा विसरत नाही.

एका रात्रीत आठ वेळा म्हणण्यापेक्षा चार दिवस रोज दोन वेळा म्हणा. अंतर ठेवून केलेली उजळणी जास्त टिकते हे मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाऊस यांनी १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं आहे आणि त्यानंतर ते वारंवार पडताळलं गेलं आहे. पहिले दोन दिवस एकट्याने करा. तिसऱ्या दिवशी फोनवर आवाज ध्वनिमुद्रित करून ऐका. स्वतःचा आवाज ऐकायला नकोसा वाटतो, कारण एरवी तो आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येत असतो. ध्वनिमुद्रणात तो भाग गळतो आणि आवाज पातळ वाटतो. लोकांना तो तसाच ऐकू येतो आणि त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. चौथ्या दिवशी एका खऱ्या माणसासमोर बोला आणि त्याला ‘कसं झालं?’ असं विचारू नका, तो ‘छान’ म्हणेल. ‘मी काय सांगितलं ते तुझ्या शब्दांत सांग’ असं म्हणा. त्याच्या उत्तरात तुमचं ते एक वाक्य आलं तर भाषण तयार आहे. आलं नाही तर दोष त्याच्या कानांचा धरू नका, मांडणी पुन्हा बघा.

शक्य असेल तर जिथे बोलायचं आहे ती जागा आधी पाहा, तिथे उभं राहून दोन वाक्यं म्हणा. परकी जागाही भीतीत भर घालते.

आरशासमोर सराव करू का?

मी करू देत नाही. आरशात माणूस स्वतःकडे बघत राहतो आणि भाषणात नेमकं तेच करायचं नसतं. चेहरा, हातवारे बघायचेच असतील तर व्हिडिओ काढा आणि नंतर पाहा.

‘म्हणजे’, ‘तर’, ‘अं…’, ‘जे आहे ते’ हे सारखं येतं. कसं थांबवू?

पुढचा शब्द शोधताना शांतता सहन होत नाही म्हणून आपण ती आवाजाने भरतो. म्हणून उपाय एकच: ओठ मिटून थांबा. तुम्हाला दोन सेकंद म्हणजे युग वाटेल. ऐकणाऱ्याला तो साधा विराम वाटतो, किंबहुना तुम्ही विचार करून बोलताय असं वाटतं. सरावात प्रत्येक वाक्याच्या शेवटी मुद्दाम तोंड मिटायची सवय लावा. एकदोन ‘म्हणजे’ राहिले तर राहू द्या. ते मोजत बसलात तर विषय सुटेल.

माझा आवाज बारीक आहे. आणि माइक हातात आला की गोंधळ होतो.

आवाज मोठा करायचा म्हणजे घशावर ताण द्यायचा नाही. सरळ उभे राहा, पोट फुगेल असा खोल श्वास घ्या, तोंड नेहमीपेक्षा जास्त उघडा आणि शेवटच्या रांगेतल्या माणसाशी बोलतोय असं धरून बोला. आपल्याकडे बहुतेकांचा आवाज वाक्याच्या शेवटी पडतो. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने ‘आहे’ की ‘नाही’ हेच ऐकू जात नाही! शेवटचा शब्द जपा. घसा खाकरण्यापेक्षा आवंढा गिळा किंवा पाणी प्या, खाकरल्याने घसा आणखी चुरचुरतो.

हातातला माइक तोंडापासून चार बोटांवर, हनुवटीच्या जरा खाली आणि किंचित तिरका धरा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’चे फटकारे बसत नाहीत. मान वळवाल तेव्हा माइकही बरोबर वळवा. स्टँडवरचा असेल तर बोलायला लागण्याआधी, न घाबरता, तो आपल्या उंचीला लावून घ्या. त्यावर टिचक्या मारू नका, फुंकू नका. पहिलं वाक्य बोललात की कळतंच.

हातांचं काय करू? आणि नजर कुठे ठेवू? ऐकलंय की शब्दांचा परिणाम फक्त सात टक्के असतो.

त्या सात टक्क्यांबद्दल आधी सांगते, कारण हा गैरसमज फार पसरला आहे. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून शब्दांचे ७, सुराचे ३८ आणि चेहऱ्याचे ५५ टक्के हे आकडे आले. सुटे शब्द, आवाजाचा सूर आणि चेहरा एकमेकांशी विसंगत असतील तर ऐकणारा बोलणाऱ्याच्या भावनेचा अंदाज कशावरून बांधतो, एवढाच त्या प्रयोगांचा विषय होता. सगळ्या संवादाला हे आकडे लागू नाहीत, हे खुद्द मेहराबियन यांनी स्पष्ट केलं आहे. तुमच्या म्हणण्यात दम नसेल तर हातवारे ते वाचवू शकत नाहीत.

हात सुरुवातीला दोन्ही बाजूंना सैल सोडा किंवा पोटासमोर एकमेकांवर ठेवा. बोलण्यात रंगलात की ते आपोआप हलतील. हातवारे आधी ठरवू नका, ते शब्दाच्या मागून येतात आणि खोटे दिसतात. पाय मात्र रोवून ठेवा. एका पायावरून दुसऱ्यावर झुलणं दुरून फार दिसतं. नजर एका माणसावर एक पूर्ण वाक्य होईपर्यंत ठेवा, मग दुसऱ्या बाजूच्या माणसाकडे जा. सभेत दोन-तीन माणसं मान डोलावणारी असतातच. सुरुवातीला त्यांच्याकडे बघून बोला, तिथून धीर मिळतो. आणि कपाळाला आठ्या घालून बसलेला माणूस नाराजच असतो असं नाही. लक्ष देऊन ऐकतानाही अनेकांचा चेहरा तसाच होतो.

मध्येच विसरलो तर?

थांबा. कार्डाकडे शांतपणे बघा. पाणी प्या, पाण्याचा ग्लास यासाठीही असतो. तरी नाही सापडलं तर आत्ताच बोललेलं वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा म्हणा, बहुतेक वेळा त्यातूनच पुढचं दार उघडतं. तेही नाही झालं तर तो मुद्दा सोडून पुढच्यावर जा. तुम्ही काय बोलणार होतात हे तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नसतं. ‘सॉरी, विसरलो’ म्हणून माफी मागायची गरज नाही. चुकीची तारीख किंवा नाव सांगितलं असेल तर मात्र तिथेच दुरुस्त करा.

माझं बोलणं प्रमाण भाषेत नाही. लोक हसतील?

हा प्रश्न खालच्या आवाजात विचारला जातो आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. तुमच्या उच्चारात तुमचा मुलूख ऐकू आला तर त्यात उणेपणा काहीही नाही. अडचण होते ती सवय नसलेली भाषा ओढूनताणून बोलताना. मग मन ‘न’ आणि ‘ण’ सांभाळण्यात गुंततं आणि सांगायचं राहून जातं. अनौपचारिक सभेत आपल्या बोलीत बोला. औपचारिक प्रसंगी प्रमाण भाषा अपेक्षित असेल तर सरावात ती बोलून घ्या, पण प्रसंग सांगताना, कुणाचं बोलणं जसंच्या तसं सांगताना बोलीत या. सभा तिथेच तुमची होते.

तोतरेपणा असेल तर?

तरीही बोलता येतं. इंग्लंडचे राजे सहावे जॉर्ज यांना तोतरेपणाचा मोठा त्रास होता. १९२६ पासून वाचातज्ज्ञ लायोनेल लोग यांच्याबरोबर त्यांनी श्वासाचे आणि उच्चाराचे व्यायाम केले आणि पुढे महायुद्धाच्या काळात रेडिओवरून देशाशी बोलत राहिले. तज्ज्ञ वाचा-उपचारकाची मदत घ्या. सभेत घाई करू नका, छोटी वाक्यं आणि ठरवलेले थांबे ठेवा.

अचानक ‘तुम्हीही दोन शब्द बोला’ म्हणतात. तेव्हा काय करायचं?

उठून माइकपर्यंत जाताना फक्त एक गोष्ट ठरवा: इथे मला काय एक सांगायचंय. ते सांगा, त्याला धरून एक आठवण सांगा, आणि थांबा. दीड मिनिट पुरे. मागच्या वक्त्याच्या एखाद्या वाक्याला धरून बोललात तर सुरुवात सोपी जाते.

उत्स्फूर्त बोलणं शून्यातून येत नाही हेही ध्यानात असू द्या. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टनमधल्या भाषणातला ‘माझं एक स्वप्न आहे’ हा गाजलेला भाग त्या दिवशीच्या लिखित मजकुरात नव्हता. तो त्यांनी उभ्या उभ्या घेतला. पण ती स्वप्नाची मांडणी त्यांनी आधीच्या भाषणांतून केलेली होती, दोन महिन्यांपूर्वी डेट्रॉइटमध्येही. ती तोंडात होती म्हणून ऐन वेळी आली. आपल्याजवळही अशा चार-पाच नीट सांगून झालेल्या आठवणी असाव्यात.

स्लाइड वापरू का?

दाखवल्याशिवाय कळणार नाही असं काही असेल तरच: नकाशा, आलेख, छायाचित्र. वाक्यांनी भरलेली स्लाइड लावली की लोक ती वाचतात आणि तुम्हाला ऐकत नाहीत. प्रोजेक्टर चाललाच नाही तरी भाषण देता येईल एवढी तयारी ठेवा.

ऑनलाइन बोलताना समोर कुणी दिसतच नाही.

कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेवा आणि महत्त्वाची वाक्यं कॅमेऱ्यात बघून बोला, पडद्यावरच्या चेहऱ्यांकडे नाही. उजेड समोरून हवा. उभं राहून बोललात तर आवाजात जोर राहतो. प्रतिसाद ऐकू येत नसल्याने बहुतेक जण घाई करतात, तेव्हा थांबे जरा जास्तच ठेवा.

शेवट करताना मी नेहमी रेंगाळतो.

शेवटची दोन वाक्यं पाठ करायला सांगितली ती याचसाठी. सुरुवातीचा प्रसंग अर्धा ठेवून तो शेवटी पुरा करणं, किंवा लोकांनी उद्या करायची एक नेमकी गोष्ट सांगणं, हे दोन मार्ग चांगले चालतात. ‘शेवटी एवढंच सांगतो’ हे एकदाच म्हणा, आणि म्हटलंत की खरोखर पाऊण मिनिटात संपवा. शेवटचं वाक्य बोलून झालं की दोन सेकंद तिथेच उभे राहा, मग ‘धन्यवाद’ म्हणा. अनेक जण शेवटचे शब्द चालत चालत बोलतात आणि ते टाळ्यांत ऐकू जात नाहीत.

नंतर प्रश्न विचारले आणि उत्तर माहीत नसेल तर?

‘हे मला आत्ता सांगता येणार नाही, बघून कळवतो’ असं सरळ म्हणा आणि खरंच कळवा. प्रश्न सर्वांना ऐकू गेला नसेल तर आधी तो मोठ्याने पुन्हा सांगा; तेवढ्यात विचार करायलाही वेळ मिळतो. कुणी तिरकस विचारलं तर त्यातला खरा प्रश्न वेगळा काढून त्याचंच उत्तर द्या.

भाषण झाल्यावर काय करावं?

त्याच रात्री ध्वनिमुद्रण ऐकू नका, मन फार हळवं असतं. दोन दिवसांनी ऐका. कुठे लोक हसले, कुठे खोकले-खाकरले, कुठे तुम्ही घाई केलीत हे वहीत टिपा आणि पुढच्या वेळेसाठी त्यातली एकच गोष्ट सुधारायला घ्या. माझ्या अशा वह्यांच्या पहिल्या पानावर जवळजवळ नेहमी एकच शेरा असतो: ‘हळू.’